अडकलेल्या गोळीची हकीकत

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीतून उठले नाही, पण मान खाली घातली आहे. ती का, ते पुढे येईलच.) डोळ्यावरची पट्टी निघाली का? ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही आमच्याच घरी आहात आणि बाबा तुम्हाला रोज पेपर वाचून दाखवतात, असं आईकडून कळलं. एकही ओळ न गाळता, हवामानासकट, हेही कळलं.

आता जे सांगते ते बाबांच्या कानावर एकदम घालू नका. तुम्ही नेहमी विचारता, पाच वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून तू करतेस काय? तर टीव्हीच्या पडद्यात लिक्विड क्रिस्टल नावाचा द्रव असतो. वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे रेणू काड्यांसारखे, सगळे एकाच दिशेला तोंड करून (आपल्या घरात हे कुणाला जमलेलं नाही). त्यात केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढी गोळी सोडली तर ती कशी हिंडेल, ते मी कॉम्प्युटरवर काढते. गोळी खोटी, द्रव खोटा, पाठदुखी तेवढी खरी.

कॉम्प्युटरमध्ये फार द्रव मावत नाही. म्हणून चिमुकली पेटी घ्यायची आणि नियम करायचा, की गोळी उजवीकडून बाहेर पडली की डावीकडून आत येईल. सगळेच असं करतात. फक्त ती किती लांब गेली हे काढताना तिने घातलेल्या फेऱ्या धरायच्या असतात. मी धरल्या नाहीत. त्यामुळे गोळी कितीही धावली तरी आकड्यांत पेटीपलीकडे जाईना, आणि ती काड्यांच्या गर्दीत अडकते, असं मी जाहीर करून टाकलं. माझ्या गाइड मॅडम एरवी माझ्या स्वल्पविरामावरही विश्वास ठेवत नाहीत, पण या अडकण्यावर त्या लट्टू झाल्या. अडकण्याची तीन कारणंही मी शोधून काढली, आणि मामा, तिन्ही पटण्यासारखी होती.

परवा सगळ्या विभागापुढे माझं भाषण होतं. गोळीची फिल्म लावली. प्रोजेक्टरवाले काका वायर धरून उभे होते (सोडली की चित्र जातं). ते म्हणाले, "ही उजवीकडून जाते ती आणि डावीकडून येते ती एकच ना? मग अडकली कुठे? बावीस वेळा गेली की. मी मोजतोय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. प्रबंधाची दोन प्रकरणं केरात गेली आणि डॉक्टरेट वर्षभर लांबली. जिन्यात बसून मी रडले, खोटं कशाला सांगू. पण मग फेऱ्या धरून पाहिलं, तर गोळी काड्यांच्या दिशेने झकास पळते आणि आडवं जाताना कुरकुरते. आणि हे खरं आहे, मामा. पाच वर्षांत पहिल्यांदा मला माझीच गोळी आवडली.

अडचण एकच. बाबांनी दारासाठी 'डॉ.' लिहिलेली पाटी आधीच करून घेतली आहे. फोनवर काही सांगावं तर ते 'बरं' म्हणतात आणि फोन आईकडे देतात. तेव्हा त्यांचा मूड पाहून तुम्हीच सांगा.

तुमची हुशार (असं तुम्हीच सांगत फिरता ती) भाची

ता. क. : पट्टी निघाली नसेल तर हे पत्र स्वतः वाचू नका. डोळ्यावर ताण येईल.

ता. क. २ : बाबा, इथवर आलाच आहात तर आवाज न बदलता पुढे वाचा, मामांचा डोळा लागला असेल. तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता, आणि तुम्ही ओळ गाळत नाही हे ठाऊक होतं. मी अडकलेले नाही, बाबा. फेऱ्या मोजायच्या राहिल्या, एवढंच. पाटी वर्षभर कपाटात ठेवा. आणि या वेळी 'बरं' म्हणून पत्र आईकडे देऊ नका.