बन्सीला निम्मा युरिया

५ डिसें. ८५, मुलुंड
गुरुवार, शेतीचं पान. माझा लेख गव्हाच्या दुसऱ्या हप्त्याच्या युरियावर. शेवटचा परिच्छेद गायब. वर नुसतं छापलंय, गव्हाला नत्राची पूर्ण मात्रा द्या. खाली होतं: हे बुटक्या, सुधारित जातींसाठी, उंच वाढणाऱ्या देशी बन्सी गव्हाला निम्मंच, नाहीतर पीक वाऱ्याने लोळतं. पान लावणाऱ्या नाडकर्णीला गाठलं.
"गाद्यांची जाहिरात आली रे ऐनवेळी. आठ ओळी उडवल्या."
"नेमक्या त्याच?"
"कात्री खालूनच लागते. तुला मी शिकवू?"
खरं आहे. नव्या मुलांना मीच सांगतो, महत्त्वाचं वर घ्या. हे खाली ठेवलं, कारण शेवट छान होत होता.

१६ डिसें.
निफाडहून वसंताचं, सुधाच्या भावाचं, पत्र. "दाजी, तुमचा लेख वाचून सगळ्या बन्सीला पूर्ण युरिया दिला. इतकी वर्षं निम्माच देत होतो, अडाणीपणा."
म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याने माझा लेख वाचलाच नसता तर बरं झालं असतं.
सुधा खूश. "ऐकतो हो माझा भाऊ तुमचं."

१७ डिसें.
कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या सरांना फोन. "टाकलेलं नत्र परत निघत नाही हो. पाणी बेताने द्यायला सांगा, वारा असताना मुळीच नको. बाकी बघत राहायचं."
वसंताला सविस्तर पत्र टाकलं. सुधाला सांगितलं. तांदूळ निवडत होती, हात थांबला. "बाबांचं बियाणं आहे ते. दरवर्षी त्याच रानातलं ठेवतात. दुसरीकडे कुठेच नाही."

१९ डिसें.
दुरुस्ती छापून आली. चार ओळी, राशिभविष्याच्या खाली.

४ जाने. ८६
ट्रंक कॉल लागला. वसंताला गावच्या शेतकी सोसायटीतल्या फोनवर बोलावून घेतलं.
"मुंबईत बसून घाबरता काय दाजी? काळाभोर गहू आहे. फुटवे मोजवत नाहीत. लोक बांधावर थांबून बघतात."
"म्हणूनच भीती वाटते रे."
"तुमचं आधीचं खरं की नंतरचं?"
"नंतरचं."
हसला. "पेपरात तर आधीचं मोठं होतं." तीन मिनिटं संपली.

१ फेब्रु., शनिवार
दुपारी पत्र. ओंब्यांत दाणा अजून दुधाळ, गहू छातीला. "शनिवारी पाणी सोडतो. रविवारी ताईला घेऊन याच. गावातल्या चौघांना तुमच्याकडून खताचं समजून घ्यायचंय."
शनिवार म्हणजे आजच. सोसायटीला कॉल लावला, कोणी उचलत नाही. अर्धा दिवस असणार. तार केली तर आमच्याबरोबरच पोचेल.
इथे सकाळपासून वारा. गॅलरीतली चादर दोनदा खाली गेली. निफाडला काय आहे, इथून कळायला मार्ग नाही.
सुधा पिशवी भरतेय. "त्या चौघांना काय सांगणार?"
"गहू उभा असला तर ऐकतील का? आणि आडवा असला तर विचारतील का?"
तिने माझा स्वेटर पिशवीत घातला. तिकडे थंडी असते.