पहिल्याच चावीत चालू झालेली गाडी

दादा,

नाइट ड्यूटी करून आला की झोपायच्या आधी बाबांचे हात पाह्य. दोन्ही तळवे सोलले आहेत. मी हळद लावून दिली, पण चहाले काही त्यांनी तोंड लावलं नाही. नवी गाडी आज चालवावीशी वाटली नाही, ती दारातच सोडली अन् ऑटोनं सिविक सेंटरले कामावर चालली.

काल खुर्सीपारच्या माणसाले विकलेल्या आपल्या लाल जीपनं असं सुख कधी दिलं नव्हतं. ही गाडी पहिल्याच चावीत चालू झाली, आवाजही नाही. मी गियर टाकून पुढे निघाली अन् आरशात पाह्यलं, तं बाबा रस्त्यावर पालथे! अरे, ते रोजच्यासारखे मागं धक्का द्यायले उभे होते, बूट घालून, बाह्या वर करून. त्यांनी जोर लावला अन् गाडीच निघून गेली.

उचललं तं म्हणे, "मंग आता सकाळी मी काय करू?"

विचार कर, दादा. रिटायर झाल्यापासून हा माणूस फक्त त्या खटाऱ्याले ढकलायले गेटाबाहेर निघत होता. आपल्या दोघांच्या ध्यानात कावून नाही आलं?

तळवे बरे होऊ दे. मंग सकाळी तू गाडी काढशील तं न्यूट्रलवर ठेव अन् हॉर्न वाजव, बाबा ढकलायले येतील. गल्ली हसली तं हसू दे. बाबा मागून "मार सेल्फ!" म्हणून ओरडल्याशिवाय चावी फिरवू नको.

प्राची