इग्नात्सी कोणाची दोरी ओढणार

२ जानेवारी. उणे चौदा अंश.
यंदाचे संकल्प : इंजिन शांतपणे सुरू करायचं. शिव्या द्यायच्या नाहीत. वितोल्डचा विचार करायचा नाही.
वितोल्ड डिसेंबरात आमच्या रिमोटच्या छोट्या गाड्यांच्या क्लबात आला. उंच आहे. त्याची नायट्रो इंधनाची गाडी एवढ्या थंडीतही दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू होते. नवं इंजिन असलं की कुणाचीही होईल. मला हेवा वाटत नाही. नुसती नोंद केली.

४ जानेवारी
तळ्यावरच्या शर्यतीला आमची जोडी ठरलेली. रिमोट माझ्या हातात, आणि माझा जुना मित्र इग्नात्सी बर्फावर गुडघे टेकून प्लग तापवणार, इंजिनची दोरी ओढणार. एकट्यानं दोन्ही केलं तर क्लबात हसतात. वर्षानुवर्षं असंच चाललंय, त्यामुळे त्याला वेगळं विचारायची गरज नाही. मी कधीच विचारलेलं नाही.
माझी बायको बोझेना म्हणाली, फोन कर की एकदा. मी म्हटलं, बायकोला कुणी दरवर्षी मागणी घालतं का? ती म्हणाली, घातली तर बिघडणार नाही.

५ जानेवारी, दुपार
बाजारात दिसले. इग्नात्सी आणि वितोल्ड. एकाच कागदातलं सॉसेज खात होते. इग्नात्सी टोपी मागे सारून हसत होता. ते हसू माझ्या विनोदांसाठी राखून ठेवलेलं आहे, अशी माझी समजूत होती.
मी मेणबत्त्यांच्या दुकानात शिरलो. तीन घेतल्या. नको होत्या.

६ जानेवारी. तीन राजांचा सण.
रिवाजाप्रमाणे चर्चमधून आणलेल्या खडूनं दारावर तिन्ही राजांची आद्याक्षरं लिहिली. आज इग्नात्सी दरवर्षी आमच्याकडे जेवतो. यंदा निरोप आला : वितोल्डनं बोलावलंय, बिचारा एकटा असतो. मी म्हटलं, जा की, मला काय.
त्याच्या वाटणीचा कोबी-मांसाचा बीगोस मी खाल्ला. रागानं नाही. कोबी वाया जायला नको म्हणून.

८ जानेवारी
इग्नात्सी क्लबात भेटला. म्हणाला, अरे लुत्सेक, वितोल्डनं विचारलं, मी हो म्हणून बसलो. तू काही बोलला नाहीस, मला वाटलं यंदा उतरत नाहीस.
मी म्हटलं, उतरत नाही? मी नवी युक्ती काढलीय!
युक्ती नव्हती. घरी येताना काढली. सगळे तळ्यावर हेअर ड्रायरनं इंजिनं शेकत बसतात. मी माझी गाडी रात्रभर शेगडीजवळ ठेवणार आणि उबदारच घेऊन जाणार. दोरी बोझेना ओढेल. अट एकच घातलीय तिनं : शिव्या नाहीत.

११ जानेवारी, सकाळ. उणे बावीस. शर्यतीचा दिवस.
गाडी पावासारखी गरम. आज इग्नात्सीला कळेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पहिल्या ओढीला सुरू झाली. वितोल्डच्या आधी! इग्नात्सीनं मान वळवली. त्यानं नीट ऐकावं म्हणून मी पुरता गॅस दिला. मग गॅस कमीच होईना. उबेतून एकदम गारठ्यात आणल्यावर गाडीला आतून घाम फुटला होता. तो कार्बोरेटरमध्ये गोठला आणि झडप उघडीच राहिली. गाडी बोझेनाच्या हातातून सुटली आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या दिशेनं निघाली. शिव्या मी दिल्या. म्हाताऱ्यांनीही दिल्या.
वितोल्डनं झेप घेऊन तिच्यावर अंग टाकलं. जाकीट फाटलं.
इग्नात्सी धावला. वितोल्डकडे. त्याचा हात पाहिला, पाठीवरचा बर्फ झटकला. मग माझ्या गाडीकडे वळला. गारठलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे गोळा केले. मग माझ्याकडे. म्हणाला, गाढवा, आधी ओसरीत निवू द्यायची ना. विचारायला काय झालं होतं तुला?
गाडीबद्दल म्हणाला असावा.
ते दोघं दुसरे आले. वितोल्ड फाटक्या जाकिटात. मुद्दाम बदललं नसणार.

१२ जानेवारी
इग्नात्सीला फोन केला. हवामान विचारायला. मग रविवारच्या सरावाचं विचारलं. मग म्हटलं, माझं इंजिन तर गेलं. तुमच्यात एखादी जागा आहे का?
आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. 
इग्नात्सी फोनवर हात ठेवून वितोल्डशी कुजबुजला. मग म्हणाला, हे बघ, तळ्यावर वारा फार, प्लग तापतच नाही. तुझी पाठ रुंद आहे. वाऱ्याच्या बाजूला उभा राहतोस का? मागून वितोल्ड ओरडला, कोट उघडा ठेव म्हणावं, आडोसा मोठा होतो! दोघं हसले.
म्हणजे एका अर्थी तांत्रिक सल्लागारच. मी म्हटलं, विचार करून सांगतो. फोन ठेवायच्या आत विचार झाला.
लांब कोट काढून ठेवलाय. इग्नात्सी माझ्या अगदी पायाशी गुडघे टेकून बसलेला असेल. दोरी दुसऱ्याची असेल, पण वारा माझ्या पाठीवर.