शेजारच्या सीटवरचं वजन

१२ मार्च, बुधवार

ती. मामा,

नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामी सांगत होती, की तू व्यायाम शिकवायला येणाऱ्यालाच व्यायाम शिकवतोयस. त्याला जगू दे. इकडे कॉम्प्रेसरचा पट्टा बदलला, बाकी गॅरेज ठीक. आणि तू विचारायच्या आत सांगतो, तू इथे नाहीस त्या तीन आठवड्यांत माझं एकच भांडण झालं. ते पुढे येईल.

डॉक्टरांची ती जुनी लाल स्पोर्ट्स कार आली होती, दोन सीटवाली. त्यांनी ती आता मुलीला दिलीय आणि मुलगीच घेऊन आली. हो, तीच. तिला कुणी काही बोललं म्हणून मी वर्गात टेबल उलटवलं आणि कॉलेजात परत गेलोच नाही, ती. त्यावर आणखी लिहीत नाही, कामाचं लिहितो.

टायर नवे होते. पुस्तकातले चाकांच्या अलाइनमेंटचे आकडे त्या काळच्या टायरांचे, ते डोळे मिटून घ्यायचे नाहीत, हे तुझंच. म्हणून आधी विचारलं, की गाडी वळणांसाठी लावू की सरळ रस्त्यासाठी? वळणांसाठी चाकं वरून जास्त आत झुकवली, की गाडी चटकन वळते, पण सरळ रस्त्यावर चुळबुळत राहते आणि टायर आतून झिजतात. ती म्हणाली, सरळ. आठशे किलोमीटर जायचंय, तिकडे नोकरी लागलीय, रविवारी निघते.

मला हे असं कळलं.

मी चाकं पाऊण अंशच झुकवली, पुढची दोन्ही मिलिमीटरभर आत वळवली. आकडे तूही हेच घेतले असतेस. चूक वाळूच्या पोत्यांत झाली. इतक्या हलक्या गाडीला माणसांच्या वजनाची पोती सीटवर ठेवल्याशिवाय तू हात लावत नाहीस, मीही लावला नाही. तिचं वजन विचारलं, बावन्न किलो. तेवढं पोतं स्टिअरिंगमागे ठेवलं. आणि शेजारच्या सीटवर बहात्तरचं.

सोबत कुणी आहे असं ती म्हणाली नव्हती. बहात्तर म्हणजे मी. हसू नकोस, मामा. पोतं भरताना मला सगळं दिसत होतं: रविवारी मी बॅग घेऊन उभा आहे, आणि उरलेलं बोलणं रस्त्यात होतंय.

शुक्रवारी ती परत आली. म्हणाली, एकटी चालवताना गाडी एका बाजूला ओढते. मी रस्त्याला नावं ठेवली, मग तिच्या चालवण्याला, आवाजही चढवला. तिने शांतपणे सेटिंगचं कार्ड मागितलं. तुझ्या शिस्तीप्रमाणे त्यावर मी दोन्ही वजनं लिहिली होती. तिने वाचलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शेजारी कोण बसणार, हे मला न विचारता तू कसं ठरवलंस?"

मग ती म्हणाली, "टेबल उलटवलंस तेव्हाही विचारलं नव्हतंस. तू निघून गेलास, मला त्याच वर्गात अजून वर्षभर बसायचं होतं."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, मामा. दीड वर्षात एकदाही.

मी शेजारचं पोतं उतरवलं आणि चारही चाकं नव्याने लावली. अडीच तास गेले. ती बाकावर बसून होती. शेवटचा नट आवळल्यावर मी विचारलं, "मी आलो तर चालेल?"

"नको," ती म्हणाली. किल्ली उचलताना म्हणाली, "पण विचारलंस ते बरं केलंस."

मी पाना फेकला नाही. पुसून जागेवर ठेवला. चाचणीला तिला एकटीलाच पाठवलं, कारण गाडी आता एकटीसाठी लावली होती. मी फाटकातून पाहत होतो. कोपऱ्यापर्यंत रेषेसारखी सरळ गेली.

रविवारी ती निघाली असेल. मी पाहायला गेलो नाही. बोलावलं नव्हतं.

तुझा,
गॅरेज सांभाळून असलेला,
भाचा