क्रेट बिल्डिंगचा सहावा मजला

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, ९ मार्च २०२५

चि. आरोहीला,

बाबांचे भरपूर आशीर्वाद. इकडचं सगळं ठीक, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, बाकीचं पुढे वाचशीलच. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, म्हणून म्हटलं पत्रच टाकावं. तुझा बडोद्याचा पत्ता तुझ्याबरोबर शिकलेल्या अमितकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या मानगुटीवर बसलो होतो.

अक्षर कापरं येतंय, तिकडे लक्ष देऊ नको. उभा जन्म एसटी स्टँडवर माइकवर ओरडण्यात गेला, लिहायची सवय कुठाय.

मुद्दा असा की तेवीस तारखेला, रविवारी, सोसायटीची मीटिंग आहे आणि तू नकाशा काढलेल्या या आपल्या बिल्डिंगबद्दल मला तिथे हो किंवा नाही सांगायचंय. पण त्याआधी लोक तिच्याबद्दल काय काय बोलतात ते ऐक. तुला कोणी सांगितलं नसेल.

पहिली गोष्ट म्हणजे, बोर्डावरच्या नावानं तिला आता कोणी ओळखत नाही. सीबीएस स्टँडवरून रिक्षात बसलो आणि पत्ता सांगायला तोंड उघडलं की रिक्षावालाच म्हणतो, "क्रेटपाशी ना, काका?" द्राक्षाचे रिकामे क्रेट घाईनं रचले की एखादा पुढे येतो, एखादा मागे राहतो, तशा तुझ्या गॅलऱ्या. त्यात त्या विटांच्या जाळ्या. नाशिकच्या माणसाला दुसरं काय आठवणार? सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. एकाला म्हटलं, अरे बाबा, बक्षीस मिळालंय तिला. तो म्हणतो, "क्रेटला?" घ्या! आता मीच सांगतो, क्रेटपाशी सोड म्हणून.

कारभारीमामा पहिल्यांदा दिंडोरीहून आला तेव्हा खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघत होता. "दाजी, हवा लय येईन, पण एवढी भोकं कशाला ठेवली? पारवे येतीन ना." आले की पारवे. आता प्रत्येकानं तुझ्या जाळीवर हिरवी नायलॉनची जाळी ठोकलीय. बघितलंस तर कपाळाला हात लावशील. रविवारी लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात. मुलगी जाळीच्या आत उभी, मुलगा बाहेर, आणि फोटोग्राफर रस्त्यात आडवा झोपलेला. वॉचमन हाकलून दमला. आई असती तर त्या सगळ्यांना चहा नेऊन दिला असता तिनं.

मधल्या चौकाबद्दल मात्र कोणी वाईट बोलत नाही. तू म्हणाली होतीस, प्रत्येक स्वयंपाकघरात दुपारचं ऊन आलं पाहिजे, बायकांनी ट्यूबलाइटखाली का राबायचं? येतं हो ऊन. आई त्या उन्हात मेथी निवडत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हे माझ्या आरूनं आणलंय. पिशवीतून आणून दिल्यासारखं सांगायची.

आता त्या चौकातून मला फक्त वास येतात. चौथ्या मजल्यावर शाहनवाजच्या रेहानानं कांदा तळायला घेतला की मला कळतं, तिसऱ्यावर कोणाकडे शेवग्याची आमटी होते तेही कळतं. माणसं मात्र दिसत नाहीत. लिफ्टमध्ये भेटली तरी मान फोनमध्ये. सगळ्या बिल्डिंगच्या जेवणाची खबर मला असते आणि मी आपला माझ्यापुरती खिचडी टाकतो. परवा कुकरची शिट्टी झाली तर मी "आलो, आलो" म्हणालो. कोणाला म्हणालो देव जाणे. फार एकटं वाटतं गं. लिहायचं नव्हतं, लिहून गेलो.

अमित मध्ये एकदा कॉलेजची मुलं घेऊन आला होता तुझी बिल्डिंग दाखवायला. सगळी वर आली, गॅलरीत गर्दी, मापं काय घेतात, भिंतींना हात काय लावतात. एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही किती लकी आहात." मी तिला दोनदा चहा दिला. ती मंडळी गेल्यावर अमित मागे थांबला आणि म्हणाला, आरोही पेन्सिलच हातात घेत नाही, नुसती शिकवते, कोणाच्या घराच्या नकाशाचं काम आलं की नको म्हणते. मी त्याला विषय बदल म्हटलं.

आता मीटिंगचं. सेक्रेटरी सध्या पहिल्या मजल्यावरचा मयूर आहे. मुलगा चांगला आहे, नमस्कार करून बोलतो. तर त्याचं आणि बऱ्याच जणांचं म्हणणं असं, की पूर्वेच्या अंगाला बाहेरून एक मोठी लिफ्ट बसवायची. स्ट्रेचर आडवं जाईल अशी. त्यासाठी रस्त्याकडची सगळी जाळी उतरवावी लागेल. मग क्रेट कसला आणि काय, समोर नुसता सरळसोट खांब आणि काचा. काही जण खूश आहेत, काही म्हणतात बिल्डिंगची शोभा जाईल. मयूर घरी येऊन म्हणाला, "काका, ताईंचं काम आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी ठराव मांडणारच नाही. ताईंना विचारून सांगा."

मी म्हटलं, विचारतो की. रोज बोलणं होतंच आमचं.

साफ खोटं बोललो. आणि हे आजचं नाही, तू गेल्यापासून सगळ्यांना हेच सांगत आलोय. समोरच्या वत्सलाबाई रोज विचारतात, आरोही काय म्हणते? मी सांगतो, मजेत आहे, आज तिकडे फार उकडतंय म्हणाली. बडोद्याचं हवामान मी सकाळी मोबाइलवर बघून ठेवतो. कोणी विचारलंच तर चुकायला नको.

लिफ्टचं आत्ताच काय निघालं, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगतो, पण घाबरायचं नाही. मी टेबलाशी बसून लिहितोय यावरूनच समजून घे.

गेल्या महिन्यात सकाळी दूध तापवताना छातीत कळ आली. कशीबशी वत्सलाबाईंची बेल दाबली आणि तिथेच दारात बसलो. नेमकी लिफ्ट दुरुस्तीला उघडून ठेवलेली. ॲम्ब्युलन्स खाली, मी सहाव्यावर, आणि स्ट्रेचर काही जिन्याच्या वळणावर फिरेना. शेवटी आपल्याच घरातून खुर्ची आणली. तीच. हातांची खुर्ची आपल्याकडे एकच आहे.

दोन स्टेंट टाकलेत. गोळ्या वेळेवर घेतो. जिना बंद, मीठ कमी, चिडायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या दोन गोष्टी जमतायत.

त्या खुर्चीबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही, म्हणून आज लिहितो. आई झोपेत गेली, शांतपणे गेली. तिच्या जाण्याशी तुझ्या लिफ्टचा काही संबंध नव्हता, हे आधी डोक्यात घे. पण तिला न्यायची वेळ आली आणि तिरडी लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. मग तिला खुर्चीत बसवली, चादरीनं बांधली आणि तशी लिफ्टमधून खाली नेली. तू समोर उभी होतीस. दार बंद झालं आणि तू जिन्यानं धावत सुटलीस. खाली पार्किंगमध्ये तिरडीपाशी मामा बोलून गेला, "मेल्यावर तरी माणसाला आडवं होऊ द्यावं का नाय? काय घर बांधलंय!" तू मागेच उभी होतीस. मी तुझा चेहरा पाहिला. दहाव्याला रामकुंडावरून तू परस्पर नाशिकरोड स्टेशनवर गेलीस, घरी चप्पल बदलायलासुद्धा आली नाहीस.

मामाची बहीण गेली होती गं. तोंडाला आलं ते बोलला. अजून फोनवर तेच काढून रडतो, पोरीला काय बोललो म्हणतो. तुला फोन करायची त्याला हिंमत होत नाही.

तर मी त्या खुर्चीत बसून सहा मजले खाली गेलो. शाहनवाजनं पुढचे पाय धरले, मयूरनं पाठ. "डावीकडं घ्या", "अरे हळू", "काकांचा पाय बघा", नुसता गलका. आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. कधी न पाहिलेली माणसं बाहेर येत होती. कोणी माझा पाय धरला भिंतीला लागू नये म्हणून, कोणी वारा घालतंय. ती शेवग्याच्या आमटीवाली बाई मी पहिल्यांदा पाहिली, पिठाच्या हातात माझा चष्मा धरून खालपर्यंत आली. जीव राहतो की जातो त्याचा पत्ता नाही, आणि मला आपलं बरं वाटत होतं. इतकी माणसं आहेत म्हणजे इथे, असं मनात येत होतं. येडाच आहे मी. घरी आलो तेव्हा आठवडाभर सगळ्यांचे डबे आले. मग हळूहळू दारं लागली पुन्हा. तक्रार नाही, ज्याला त्याला कामं आहेत.

दवाखान्यात सही शाहनवाजनं केली. बाजारातला सगळा धंदा सोडून दिवसभर बसून होता. मी जरा बोलायला लागल्यावर म्हणाला, "चाचा, एक सांगायचं राहिलंय. चाचींना नेलं तेव्हा लिफ्टमध्ये मी होतो. त्यांचं डोकं पुढं येत होतं, ते मी खांद्यावर घेतलं. पदर सरकला तो नीट केला. पूरा टाइम बोलत होतो त्यांच्याशी. आलं चाची, झालंच, आलंच खाली. ताईंनी फक्त दार बंद होताना बघितलं. त्यांना सांगा, चाची एकट्या नव्हत्या."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. त्यालाही कळलं, तो चहा आणायला म्हणून उठून गेला. हे तुला सांगण्यासाठीच पत्र घेऊन बसलो आणि बघ, किती पानं इकडचं तिकडचं लिहीत राहिलो.

तुझी चूक झाली का? झाली. ऊन आणायच्या नादात जागा चौकाला दिलीस आणि लिफ्ट नियमात बसेल एवढीच ठेवलीस. म्हातारी माणसं, आजारी माणसं, गेलेली माणसं तुझ्या डोक्यात आली नाहीत. अठ्ठाविसाव्या वर्षी कोणाच्या येतात? स्टँडवर मी कितीदा चुकीचा फलाट पुकारलाय. लोक सामान घेऊन धावायचे आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. म्हणून काय मी माइक बंद करून घरी बसलो का? आईला तू नकाशे काढणं सोडून बसलेली आवडली असतीस का, सांग.

तर मी मीटिंगमध्ये हो म्हणणार आहे. जाळी उतरवा म्हणणार आहे. बक्षिसाच्या फोटोत आहे तीच बाजू जाणार. तुझ्या हातचं सगळ्यात सुंदर काम तुझ्या बापाच्या शब्दावर फुटणार. मला वाईट वाटतंय, नाही कशाला म्हणू. मला ती जाळी आवडते. सकाळी तिच्यातून जमिनीवर उन्हाचे चौकोन पडतात, त्यात पाय ठेवून मी चहा पितो. पण वत्सलाबाईंचे गुडघे गेलेत, पाचव्यावर एक मुलगी बाळंतपणाला आलीय, आणि माझंही काही खरं नाही.

नवा नकाशा अमित काढून देतो म्हणतो. मी मात्र मयूरला सगळ्यांसमोर सांगणार आहे की नकाशा माझी मुलगी काढणार, तिला विचारलंय, ती हो म्हणालीय. आणखी एक खोटं. आधीची सगळी मी एकट्यानं निभावली, हे माझ्या एकट्यानं निभावणार नाही.

पटत नसेल तर येऊन नाही म्हण. भर मीटिंगमध्ये माझ्याशी भांड, म्हण की बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं. चीड, ओरड, जाळीची एक वीट काढू देणार नाही म्हण. मी ऐकून घेईन. पण गप्प राहू नकोस आरू. त्या छातीतल्या कळेनं मी एवढा घाबरलो नव्हतो, जेवढा तुझ्या गप्प राहण्यानं घाबरलोय.

स्पीड पोस्टनं टाकतोय. तब्येतीला जप, वेळेवर जेव.

श्रावणापासून तुझा आवाज न ऐकलेले,
तुझे बाबा