काकांच्या पंच्यातून गाळलेली बिअर

ती. श्यामलाकाकूंना वॉटफर्डहून अंबरीशचा वाकून नमस्कार,

गुडघे काय म्हणतात? वरदा मजेत आहे, म्हणजे नवऱ्याला हसण्यात मजेत आहे. आता आधी खुर्चीत नीट बसा. काकांच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवला नाही, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि तेव्हापासून ‘ह्यांचं काय राहिलं असेल’ हा प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही. काकू, उत्तर सापडलंय. बिअर करताना सापडलं. (पूर्ण वाचा, मग रागवा.)

झालं असं, ऑफिसातल्यांनी घरच्या घरी बिअर करायचं खूळ माझ्या डोक्यात भरवलं. शनिवारी दुपारी जव गरम पाण्यात भिजवून गोड काढा केला. तो गाळायची जाळीची पिशवी मागवायला विसरलो (वरदाच्या मते डोकंही मागवायला विसरलोय), म्हणून तुम्ही लाडवांच्या डब्याला बांधून दिलेला काकांचा पंचा घेतला आणि चक्का बांधतात तसा बांधून कचकून पिळला. चोथा फेकवेना, आपल्याकडे अन्न टाकत नाहीत ना, म्हणून गोळे वळून पक्ष्यांसाठी मागच्या भिंतीवर ओळीने ठेवले. मग काढ्यात हॉप्सची कडू फुलं टाकून उकळत ठेवला. पंचा काकांचा, गोळे जवाचे आणि दिवस पितृपक्षातले, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

उकळलेला काढा झटपट गार करायचा असतो, नाहीतर नासतो. पातेलं बाथटबमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवलं. बर्फ विरघळला, काढा तसाच वाफाळता. आणखी बर्फ ओतला, तोही गेला. टबातल्या पाण्याने हात बधिर होत होता आणि पातेल्याला बोट लावलं तर चटका! आणि काकू, त्या वाफेला हॉप्सचा वास नव्हता, वेलदोड्याचा होता. (गच्चीवर टाकीमागे ‘बसून’ आल्यावर काका तोंडात टाकायचे तोच. तुम्हाला काही कळत नाही असं बिचाऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं.) वाफ जावी म्हणून खिडकी उघडली, तर भिंतीवर कावळेच कावळे. एकही ओरडत नव्हता. एकही गोळ्याला शिवत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग घाटावर करतात तेच केलं. टॉवेल खांद्यावर टाकून खिडकीतून हात जोडले. काका, तुमची स्कूटर विकणार नाही म्हणालो. ढिम्म! गच्चीची गळती काढून देतो म्हणालो. ढिम्म! (शेजारचे आजोबा कुंपण छाटायचं सोडून बघत उभे.) शेवटी वैतागून ओरडलो, “अहो काका, काकूंनाही एक ग्लास देईन, तुमच्या नावाने, समोर बसवून!” तोंडातून शब्द निघतोय तोच एक म्हातारा कावळा टुणकन पुढे आला आणि मधल्या गोळ्यावर चोच मारली. मागे वळलो तर वाफ नाही. पातेलं गार. काकू, एवढंच राहिलं होतं हो! जन्मभर टाकीमागे एकटे बसले, तुम्हाला बोलवायचा धीर झाला नाही. लिहिताना मला रडू येतंय.

तुमचा, आणि आता दिलेल्या शब्दात अडकलेला,
अंबरीश

ता. क. तेव्हा इकडे यायच्या व्हिसाला नाही म्हणू नका. एकच घोट घ्या, हवं तर नाक दाबून.

आणखी एक ता. क. वरदा म्हणते, इथल्या कावळ्यांना मराठी कळत नाही आणि वेलदोडा तिनेच चहासाठी कुटला होता. असेल बाई.

शेवटचा ता. क. हे वरदाला ठाऊक नाही. गार काढा आंबायला पिंपात ओतून यीस्ट घातल्यापासून पिंप गप्प आहे, एक बुडबुडा नाही. फक्त रविवारी तुमचा फोन स्पीकरवर होता ना, तुम्ही हॅलो म्हणालात आणि आत गुडगुड सुरू झाली. तुम्ही बोलत होतात तोवर चालली. फोन ठेवलात, थांबली. तर येईपर्यंत रोज फोन करत चला. मी तो पिंपाजवळ ठेवीन आणि दार लोटून बाहेर जाईन.