उपवासावर ठेवलेला ठपका काढून अर्जदारावर ठेवणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
शिस्त व सुरक्षा शाखा,
घडाई कारखाना.

अर्जदार : घणकरी, भट्टी क्रमांक दोन (कारखान्यात प्रचलित नाव 'भडक्या').

विषय : मारहाण प्रकरणात "सदर कामगार उपाशी होता" ही खोटी नोंद रद्द करून "सदर कामगार पोटभर जेवलेला होता" अशी नोंद घेणेबाबत, व त्यानुसार होणारी शिक्षा विनाविलंब देणेबाबत.

संदर्भ : १) आपला चौकशी अहवाल, ज्यात अर्जदारावर दया करण्यात आली आहे.
२) गेटवर लावलेली सूचना.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, दोन्ही परत.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की अर्जदाराचा हा तिसरा अर्ज आहे. पहिला अर्ज "कामगाराने स्वतःच्या विरुद्ध अर्ज करण्याची तरतूद नाही" असा शेरा मारून परत आला. दुसऱ्यावर "जेवल्याचा पुरावा जोडावा" असे लिहून आले. पोटात गेलेले जेवण अर्जाला टाचणीने कसे जोडायचे, हे आपल्या कारकूनसाहेबांनाही सांगता आले नाही. ते एवढेच म्हणाले, "साहेबांनी तुझी नोकरी वाचवली आणि तू त्यांच्याच मागे हात धुऊन लागलायस. डोकं ठिकाणावर आहे ना?" डोके ठिकाणावर आहे. त्या दिवशीही होते, आणि अर्जदाराचे सगळे म्हणणे तेवढेच आहे.

२. अर्जदार व त्याची पत्नी बहाई धर्माचे आहेत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, म्हणजे एकोणीस दिवस, आमच्यात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी घेत नाहीत. आजारी, प्रवासी, गरोदर, अंगावर पाजणारी, पंधराच्या आतले आणि सत्तरीपुढचे यांना त्यातून सूट आहे. अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्यालाही सूट आहे. अर्जदार दिवसभर नऊ किलोचा घण मारतो, सबब त्याला सूट होती. मात्र सूट असलेल्याने इतरांच्या उपवासाचा मान राखून थोडे खावे, आडोशाला खावे, अशी आमची रीत आहे. म्हणून अर्जदार दुपारी कोळशाच्या ढिगामागे बसून डबा खात असे. पत्नी तपासणी खोलीत बसून बोल्ट मापात आहेत का ते बघते, बसून करायचे काम आहे, म्हणून तिचा उपवास असे. अहवालात यातले एक अक्षर नाही, कारण कोणी विचारलेच नाही.

३. उपवासाच्या सहाव्या दिवशी अर्जदाराचा जोडीदार सांडशीवाला याने अर्जदारास ढिगामागे खाताना पाहिले. हा मनुष्य अकरा वर्षे लालभडक लोखंड सांडशीत धरून अर्जदारासमोर बसत आला. घण त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडायचा आणि तो डोळ्याची पापणी लववायचा नाही. थट्टेखोर आहे, पण मनाने वाईट नाही. त्याला वाटले, चोर सापडला. त्याने डबा हिसकावला, सगळ्या शेडला गोळा केले, तपासणी खोलीतून अर्जदाराच्या पत्नीला बोलावून आणले आणि म्हणाला, "बघा वहिनी, तुम्ही तिकडे पाण्याच्या थेंबावाचून मरताय आणि तुमचे देवमाणूस इथे अंडी हाणतायत!" सगळे हसले. पत्नीही जरा हसली. ती म्हणाली, "अहो, त्यांना चालतं ते. घण मारणाऱ्याला सूट असते." प्रकरण तिथेच संपले होते, महोदय. पण सांडशीवाल्याने पावाचा तुकडा तिच्या तोंडापुढे नाचवला आणि म्हणाला, "मग तुम्हीपण घ्या की, कोण बघतंय!" ती मागे सरली आणि अर्जदाराकडे पाहून म्हणाली, "सोडा हो. चला कामाला."

४. अर्जदाराने सोडले नाही. काय केले ते अहवालात "झटापट" या एका शब्दात उरकले आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो. अर्जदाराने सांडशीवाल्याचे तोंड आधी भट्टीच्या पत्र्यावर आपटले. त्याचे दोन दात पडले. एक अर्जदाराच्या बुटाखाली आला, त्याचा कडकन झालेला आवाज अजून कानात आहे. पत्नी मध्ये पडली, तिला अर्जदाराने असे ढकलले की ती कोळशाच्या बादलीवर जाऊन पडली आणि तिची भुवई फुटली. मग अर्जदाराने सांडशीवाल्याचे उजवे मनगट धरून ऐरणीवर दाबले आणि हातोडी उचलली. तो ओरडला नाही. त्याला वाटले, हा घाबरवतोय, कारण अकरा वर्षांत अर्जदाराचा घाव कधी चुकला नव्हता. तेव्हाही चुकला नाही. एकदा मारला, आणि त्याचा चेहरा बघूनसुद्धा दुसऱ्यांदा मारला. तीन बोटे गेली. रक्त तापलेल्या लोखंडावर पडून चरचरत होते.

महोदय, त्या वेळी अर्जदाराच्या पोटात दोन अंडी, चार पाव, एक कांदा आणि तांब्याभर पाणी होते. चक्कर नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी नव्हती. हात दगडासारखा स्थिर होता.

५. त्यानंतर युनियनचे सेक्रेटरी पोलीस कोठडीत अर्जदाराला भेटायला आले. म्हणाले, "भाऊ, गप्प बस आणि मी सांगतो तिथे सही कर. उपासाने डोकं फिरलं असं लिहिलं की पोलीसही सोडतील आणि नोकरीही राहील." कारखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी अर्जदाराला न तपासता "साखर कमी झाल्याने मनाचा तोल गेला" असा दाखला दिला. अर्जदाराने सही केली. हे लिहिताना लाज वाटते, पण केली. भीती वाटली म्हणून केली. घरी आल्यावर पत्नीला सांगितले. भुवईला टाके होते, तशीच ती सूर्यास्ताची वाट बघत खिडकीत बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही तर जेवला होतात. मग मारलं कोणी? माझ्या उपासाने?" त्यानंतर ती अर्जदाराशी एक शब्दही बोलली नाही. सूर्य मावळल्यावर तिने पाण्याचा घोट घेतला आणि डबा भरून इस्पितळात गेली. सांडशीवाल्याला घरचे कोणी नाही. त्याला चमच्याने पेज भरवून मग ती स्वतः जेवली. असे ती रोज करते.

६. अर्जदाराच्या त्या सहीचे फळ म्हणजे संदर्भ क्र. २ ची सूचना. "सुरक्षेच्या कारणास्तव उपाशी कामगारास आत सोडू नये. संशय असल्यास गेटवर खाऊ घालून खात्री करावी." आठव्या दिवसापासून रखवालदार बिस्किटांचा पुडा घेऊन गेटवर उभा असतो. सगळ्या कारखान्यात संशय एकाच बाईवर. ती सकाळी येते, बिस्किट नको म्हणते आणि सुट्टीचा भोंगा होईपर्यंत गेटबाहेर उन्हात उभी राहते. गैरहजेरी लागते ती लागतेच. ज्याने तीन बोटे ठेचली तो आत आणि जिने कोणाला टिचकी मारली नाही ती बाहेर, असा हा कारभार आहे. साहेब, रागावू नका, पण तो तसाच आहे.

७. दया म्हणून अर्जदारास घणावरून काढून गेटशेजारी बसून पावत्यांवर शिक्के मारायला दिले आहे. हे काही जड काम नव्हे. म्हणजे अर्जदाराची सूट संपली. तेव्हा आठव्या दिवसापासून अर्जदारही खरोखर उपाशी आहे, अहवालात लिहिले आहे तसा, फक्त दोन दिवस उशिरा; गेटवर त्याला कोणी बिस्किट विचारत नाही. पहिल्या दिवशी दुपारी शिक्क्याची शाई पाहूनसुद्धा तोंडाला पाणी सुटले. तिकडे दुर्लक्ष करावे.

८. चौदाव्या दिवशी सकाळी रखवालदाराचा संयम सुटला. त्याने पत्नीची मान मागून धरली आणि बिस्किट तिच्या दातांवर दाबले. तिने तोंड मिटून धरले. त्याने अंगठा घालून ओठ उघडायला पाहिले आणि तिचा खालचा ओठ फाटला. बिस्किटाचा भुगा आणि रक्त तिच्या हनुवटीवरून ओघळले. अर्जदार सहा पावलांवर होता. टेबलावर शिक्का होता, लोखंडी मुठीचा, चांगला जड. अर्जदाराला रखवालदाराच्या कानशिलावरची नेमकी जागा दिसत होती. तिथे एक घाव बसला असता तर तो परत उठला नसता, घणकऱ्याला ते मोजावे लागत नाही. पोटात सूर्योदयापासून काही नव्हते. घसा कोरडा पडला होता, कानात भट्टी पेटल्यासारखे होत होते.

अर्जदाराने शिक्का खाली ठेवला. जाऊन रखवालदार आणि पत्नी यांच्या मध्ये उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. रखवालदाराने दोन थोबाडीत दिल्या, पोटात एक गुडघा घातला. अर्जदार पडला, उठला आणि परत तिथेच उभा राहिला. मग रखवालदारच घाबरून बाजूला झाला. पत्नीने पदराने अर्जदाराच्या नाकाचे रक्त पुसले. आठ दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली, "आज झाला तुमचा उपास."

९. यावरून आपल्या ध्यानात यावे की अर्जदाराने जेवून मारले आणि उपाशी राहून मारले नाही. उपाशी राहण्याने माणूस पिसाळतो ही नोंद म्हणूनच खोटी आहे. अन्नपाणी सोडणे हे आमच्यात वरचे टरफल समजतात. आतला उपवास म्हणजे अंगात जे उसळते त्याला एकोणीस दिवस दार न उघडणे, म्हणजे मग वर्षभर ती सवय राहावी. अर्जदाराला हे लहानपणापासून तोंडपाठ होते. सूट फक्त जेवणाची होती, याची नव्हती. हे कळायला दुसऱ्याची तीन बोटे लागली, याचे काय करावे ते अर्जदारास समजत नाही. रात्री तो हात डोळ्यांपुढे येतो.

१०. पुराव्याबाबत. बाकी शेडने फक्त हिसकावलेला डबा पाहिला; अर्जदारास प्रत्यक्ष जेवताना पाहिलेला इसम जगात एकच, म्हणून अर्जदार काल इस्पितळात त्याच्याकडे गेला. सांडशीवाल्याने अर्जदाराला बघून आधी हात पांघरुणात ओढून घेतला. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मी खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल, वर तुरुंग. ठाऊक आहे ना?" अर्जदार हो म्हणाला. मग तो म्हणाला, "मी तुला माफबिफ केलेलं नाही, भडक्या. पण वहिनींनी मला रोज भरवलं. लिही, दोन अंडी होती." साक्ष सोबत जोडली आहे.

११. तरी विनंती की, (अ) उपवासावरचा ठपका काढावा. (आ) गेटवरची सूचना आजच उतरवावी व अर्जदाराच्या पत्नीस उद्या सकाळी काही न खाता आत सोडावे, तीन दिवस उरले आहेत. (इ) अर्जदारावरील दया मागे घेऊन प्रकरण पुन्हा पोलिसांकडे द्यावे. अर्जदार शिक्क्यांच्या टेबलाजवळ बसलेला आहे, शोधावे लागणार नाही.

"अर्जदाराने मारले", "अर्जदाराने मारले" असे तीन अर्जांत लिहिले, जणू दुसराच कोणी होता. साहेब, मी मारले. भरल्या पोटी, शुद्धीवर, दोनदा.

आपल्या दयेस अपात्र,
घणकरी, भट्टी क्रमांक दोन

दिनांक : उपवासाचा सोळावा दिवस, सूर्य मावळण्याआधी.

सोबत :
१) जेवणाचा डबा, एक. झाकणावर पोचा आहे, तो त्याच दिवसाचा.
२) सांडशीवाल्याची साक्ष. अक्षर अर्जदाराच्या पत्नीचे आहे, काल पेज भरवून झाल्यावर तिनेच लिहून घेतली. सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे. त्याला लिहिता येत होते.